कडू घास

आमच्या खोऱ्यात मुलगी देताना मुलाची जमीन कुणी फारशी बघत नाही. मुंबईतली खोली बघतात. जमीन असून असते किती? वेण्णेच्या काठाला थोडी भातखाचरं, वर उताराला नाचणी आणि वरी, त्याच्याही वर नुसतं गवत. पोटासाठी जावळीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. गोदीत गेली, गिरण्यांत गेली, मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहायला गेली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढं बाजार तुर्भ्याला हलला आणि पोती वाहणाऱ्यांच्या नावावर कोपरखैरणे-घणसोलीला खोल्या झाल्या. तेव्हापासून मेढ्याच्या बाजूला 'पोरगा माथाडीत आहे' म्हटलं की निम्मं लग्न ठरतं. मीही अशाच एका खोलीत नांदायला गेले आणि काही वर्षांनी पोराला काखेत घेऊन माघारी आले. २०१० साली साताऱ्याच्या कोर्टात परस्परसंमतीनं घटस्फोट झाला.

का झाला, ते इथं लिहिणार नाही. लिहायला बसले तर सगळा लेख त्याचाच होऊन बसेल. मला तो आक्काचा व्हायला हवा आहे.

आक्का आमच्या भावकीतली चुलती. तिचं घर मागच्या आळीला, आमच्या परसाला लागून. जन्म कोयनेच्या खोऱ्यातला, बामणोलीच्या खालच्या अंगाला कुठंतरी. कुठंतरी म्हणते, कारण ते गाव आता बोट करून दाखवता येत नाही. कोयनेचं धरण झालं, शिवसागराचं पाणी चढत आलं आणि तिचं माहेर घरादारासकट बुडालं. भाऊबंद सरकारनं दिलेल्या जमिनीवर रायगडात गेले. ती त्याआधीच लग्न होऊन इकडं आली होती. नवरा गोदीत. आधी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, मग नुसता शिमग्याला, मग त्याची मनिऑर्डर यायची, मग तीही थांबली. त्यानं मुंबईत दुसरं घर केलंय, हे तिला गावातल्या मुंबईकर पोरांच्या थट्टेतनं कळलं.

कायद्यात हे बसत नव्हतं. मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ सालीच बंदी आली होती आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं ती सगळीकडं लागू झाली. घटस्फोटाचा हक्कही मुंबई प्रांतात १९४७ पासून होता. शेजारच्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१९ सालीच काडीमोडीचा कायदा केला होता. पण कायद्याचा उपयोग व्हायला बाईला आधी घराचा उंबरा ओलांडून कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि ज्या बाईला परतायला माहेरच उरलेलं नाही ती सासरचा उंबरा कशाच्या जोरावर ओलांडणार? मी एकदा विचारलं, "आक्का, निदान पोटगी तरी मागायचीस." फौजदारी कायद्यातली पोटगी तेव्हा महिना ५०० रुपयांच्या वर जातच नव्हती, ती मर्यादा २००१ साली निघाली. आक्का म्हणाली, "मला त्येचं पैसं नकू व्हतं." मग सुपातले दाणे पाखडता पाखडता, "आन् इतकं थोडं तर मुळीच नकू व्हतं."

सासूला तिनंच शेवटपर्यंत बघितलं. खाचरं तिनंच लावली, तिनंच कापली. वर दरसाल सुगी झाली की मुंबईला तांदळाचं एक पोतं पाठवायची. आमच्या घरात यावर दोन मतं होती. आई म्हणायची ती भोळी आहे. दादा म्हणायचा, भोळी कसली, जमिनीवरचा हक्क शाबूत ठेवतीय. मला दादाचं पटतं.

निकालाच्या दिवशी मी आणि दादा दुपारच्या एसटीनं मेढ्याला उतरलो. पाऊस लागून राहिला होता. दादा म्हणाला, "सुटलीस एकदाची." घरात पाऊल टाकलं तशी आईनं पोराला माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, "आता डोळ्यांतनं पाणी काढायचं नाही. झालं गेलं." वडील ओसरीवर बसून राहिले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की वाईट संपलं, आता बरंच होणार. त्यात खोटं काही नव्हतं. सुटका मलाच हवी होती, अर्जावर सही माझीच होती. तरी हातपाय गळून गेले होते आणि त्याचं कारण विचारावं असं कुणी दिसत नव्हतं.

दिवेलागणीला आक्का मागच्या दारानं आली. हातात पाटी, पाटीवर फडकं, फडक्याखाली भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं. वहिनी चुलीपुढं बसली होती. तिला म्हणाली, "इझव ती. आज ह्या घरात चूल पेटवायची न्हाई."

आमच्याकडं मयत झालेल्या घरी शेजारपाजारचे, सोयरेधायरे कडू घास घेऊन येतात. घरची माणसं रांधत नाहीत, दुसऱ्यानं आणलेली पिठलं-भाकरी खातात. आईच्या ध्यानात आलं तशी ती भडकली. "आक्का, कळतंय का तुला काय करतीस? भरल्या घरात असलं अभद्र? कोण मेलंय हितं?"

"मेलाय की. संसार मेलाय पोरीचा," आक्का म्हणाली. "माणूस मेलं की गाव धावतंय. ह्यो मेला तर कोण आलं? कुत्रंबी आलं न्हाई."

मग ती माझ्यासमोर बसली, भाकरी मोडली आणि माझ्या हातात दिली. मी पहिला घास घेतला आणि रडायला लागले. आई उठून आली, तिला आक्कानं हातानंच थांबवलं. मला गप्प हो म्हणाली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, तू किती चांगली आहेस हेही सांगितलं नाही. मयताच्या घरी आलेली बाई जशी भिंतीला टेकून बसते तशी बसून राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "आता दुसरी खा. ही भिजली."

पुढं दहा दिवस ती रोज संध्याकाळी आली. पिठलं-भाकरी पहिल्या दिवसापुरती, नंतर नुसती यायची आणि विचारायची, "आज काय आठावलं?" आज काय कालवण केलं, असं विचारतात तसं.

हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. विचारणं शक्यही नव्हतं. माघारी आलेल्या बाईला दोनच गोष्टींची परवानगी असते. एक तर तिनं त्या घराचा तिरस्कार करावा, नाहीतर पश्चात्ताप करावा. आठवण काढली की लगेच समोरून येतं, मग आलीस कशाला? आणि मला आठवत होतं. नवरा कमी आठवायचा. जास्त आठवायचा तो पहाटेचा नळ, पाणी यायच्या आधी पाइपातनं येणारा हवेचा आवाज. जावेच्या पोरीच्या वेण्या मी घालत असे. ती आता कुणाकडून घालून घेत असेल? सासूबाई तशा कडक, पण माझ्या हातचं भरलं वांगं त्यांना आवडायचं आणि त्या तसं बोलून दाखवायच्या. माझ्या आईनं ते कधी केलं नाही. सासरच्या माणसांशी असलेलं माझं नातं त्यांच्या मुलामुळं जुळलं होतं खरं, पण पुढं ते आपलं आपण वाढलं होतं. कोर्टाच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. कागदानं माझा नवरा सोडवला. जाऊ, तिची पोरगी, वरच्या मजल्यावरची केरळची शेजारीण, यांच्यासाठी कुठला अर्ज आणि कुठली सही? हे सगळं मी आक्काला सांगितलं. ती ऐकायची. मधूनच "व्हय" म्हणायची. एकदाच म्हणाली, "वांग्याचं सांगितलंस तवा तुजं तोंड बरं दिसलं."

दहाव्या दिवशी म्हणाली, "डोक्यावरनं न्हाऊन घे. झाला दुखवटा. सकाळच्याला लावणीला ये, माणसं कमी हायती."

मी गेले. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोपं लावली की रात्री मनाला बोलायला जागाच उरत नाही. लावणीनं दुःख गेलं, असं मी म्हणणार नाही. ते परत यायचं, आणि वेळ न बघता यायचं. पण आता त्याला मर्यादा कळली होती. एकदा रीतसर रडून झाल्यावर पुढचं रडणं थोडं लाजतं. राग मात्र पुष्कळ उशिरा आला. आला तेव्हा मी तहसील कचेरीत एका कारकुनाशी वाद घालत होते, आणि त्या बिचाऱ्याला कळेना की मुलाच्या दाखल्यावरून ही बाई इतकी का थरथरतेय.

संक्रांत आली. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडं जाऊ लागल्या. आमच्या घरी येऊन वहिनीला बोलावून जायच्या, माझ्याकडं बघून हसायच्या, आणि जायच्या. त्यांचीही पंचाईत होती. विधवेचं काय करायचं ते रूढीनं ठरवून दिलेलं, सवाष्णीचं ठरवून दिलेलं; माझा नवरा धडधाकट तुर्भ्याला कामावर जातोय आणि मी त्याची कुणी नाही, याला काय करतात ते कुणाला सांगता येईना. चीड मला दुसऱ्याच गोष्टीची यायची. याच जावळीतल्या बायकांनी दारूच्या दुकानांवर मतदान करून बाटली आडवी केली, तालुका दारूमुक्त म्हणून नावारूपाला आणला. नवऱ्याच्या दमाला, दुकानदाराच्या पैशाला न घाबरणाऱ्या बायका एका कुंकवाच्या बोटाला बिचकत होत्या.

आणि आक्का? तिला सगळीकडं आमंत्रण. चाळीस वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही त्याच्या नावाचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात होतं, म्हणून ती सवाष्ण. तिला यातली गंमत कळत होती. त्या वर्षी ती मला हाताला धरून पहिल्या घरी घेऊन गेली आणि यजमानिणीला म्हणाली, "हिला लावत नसशील तर मलाबी लावू नगं. माझ्यापरीस हिचं खरं हाय. हिच्याकडं कागद तरी हाय." बाईनं मुकाट्यानं दोघींना कुंकू लावलं, वाण दिलं. प्लॅस्टिकची गाळणी होती. अजून आहे.

आक्काचं मी भरभरून लिहिते, कारण तिच्याबद्दल लिहिणं सोपं आहे. वहिनीचं ऋण अवघड आहे. आम्हा दोघींचं कधी जमलं नाही. माघारी आलेल्या नणंदेची झळ भावाला लागत नाही, आईबापांना लागत नाही. ती भावजयीला लागते. तिच्या फडताळातली एक फळी मला गेली, तिच्या पोरांच्या दुधात माझ्या पोराचा वाटा झाला. ती साखरेच्या डब्यावर बोटानं रेघ मारून ठेवायची, हे मला माहीत होतं. तिच्या मनात भीतीही होती. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलींना हिस्सा दिला आणि आमच्या तालुक्यात भावांची बहिणींकडून हक्कसोडपत्रं करून घ्यायची घाई सुरू झाली. वहिनीनं एकदा भाजी निवडताना विचारलंच, "वन्सं, तुमी सही करून देणार न्हवं?" मी म्हटलं, "नाही." मग घरात आठवडाभर अबोला.

अबोला तिनंच मोडला. दादाला म्हणाली, "त्यांना परसातली दोन गुंठं द्या आन् खोली बांधून घेऊ द्या. एका चुलीवर दोघी राह्यलो तर एकमेकींचा जीव घेऊ." हे काही प्रेमानं म्हटलेलं नव्हतं. पण त्या वाक्यामुळं ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक घर माझ्या नावावर लागलं. दार आतून लावता येईल अशी माझी स्वतःची पहिली खोली. घटस्फोटानंतर मन कशानं थाऱ्यावर येतं, असं मला आता पुष्कळजणी विचारतात. मी आधी कडीचं सांगते. रात्री दार आपण लावायचं, सकाळी आपण उघडायचं, मध्ये कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यायचा नाही. झोप परत यायला मला त्यानंतरही बराच काळ गेला, पण आली ती त्याच खोलीत. आक्कानं मला रडू दिलं. वहिनीनं, मनात नसताना, न रडण्याची सोय केली.

दुसरं लग्नही सुचवून झालं. बिजवर, पोरंबाळं असलेला, शेती बागायत. गंमत म्हणजे आक्का त्याच्या बाजूनं होती. "बघून तर घे. नकू म्हणायला पैसं पडत न्हाईत." मी बघितला आणि नको म्हटलं. तो बिचारा पहिल्या बायकोबद्दलच बोलत होता आणि मला त्याचं ऐकत बसावंसं वाटलं, लग्न करावंसं वाटलं नाही.

पोटासाठी मी मेढ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात लागले, टायपिंग शिकले. आता तहसील कचेरीजवळ माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. अर्ज लिहायचे, ऑनलाइन फॉर्म भरायचे, प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. वेगळं व्हायला काय काय लागतं ते मला तोंडपाठ आहे. सासरच्या रेशनकार्डातनं नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय माहेरच्या कार्डात नाव चढत नाही, आणि तो दाखला काढायला बहुतेकदा ज्यांचं तोंड बघायचं नाही त्यांच्याच दारात जावं लागतं. निकालाची नक्कल, आधार, राजपत्रात नावाचा बदल, मुलाच्या शाळेचा दाखला. संजय गांधी निराधार योजनेत पोटगी न मिळालेल्या घटस्फोटितेला पैसे मिळतात, हे तालुक्यातल्या निम्म्या बायकांना मी सांगितलेलं आहे. एकेका कागदाबरोबर बाई थोडी थोडी सुटत जाते. कुणी नाव कमी होताना रडतं, कुणी नाव चढताना.

२०२४च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले, तेव्हा दुकानापुढं रांग लागायची. त्यात वैवाहिक स्थितीचा रकाना होता: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता वगैरे. एकेक बाई काउंटरवर वाकून, मागची ऐकणार नाही अशा आवाजात सांगायची, "ताई, ते परित्यक्ता लिवा." वर्षानुवर्षं 'आमचे मालक मुंबईला असतात' म्हणून वेळ मारून नेलेल्या बायका. २०११च्या जनगणनेत घटस्फोटित बायका देशभरात ९ लाखांच्या आसपास होत्या आणि वेगळ्या राहणाऱ्या, म्हणजे कागद नसलेल्या, २३ लाखांच्या वर. दोन्हींत पुरुषांची संख्या बायकांच्या निम्म्याच्या घरात. पुरुष फिरून लग्न करतो आणि त्या रकान्यातनं बाहेर पडतो, बाई तिथंच राहते. आक्का त्या वर्षी असती तर तिनं काय लिहायला सांगितलं असतं, याचा मी विचार करून बघितला. बहुधा म्हणाली असती, "तुला काय सोयीचं पडंल ते लिव."

टाकलेल्या बायकांचा प्रश्न चारचौघांत मांडला गेला तो आक्का चाळिशीत असताना. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्ता स्त्रियांची परिषद घेतली, निशा शिवूरकरांनी पुढं तो लढा वर्षानुवर्षं चालवला. आमच्या सातारा-सांगलीत कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायका याच सुमारास अशा बायकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या होत्या. मी हे आक्काला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कासेगाव काय लांब न्हाई. कुणी सांगितलं असतं तर गेली असती."

आक्काशी असं बोलणं चालायचं त्याच दिवसांत मी साताऱ्याहून आणून रखमाबाईंचं चरित्र वाचलं, मोहिनी वर्द्यांनी लिहिलेलं. अकराव्या वर्षी लग्न, नांदायला जायला नकार, नवरा दादाजी भिकाजी कोर्टात. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. दुसऱ्या वर्षी २००० रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला दवाखाने चालवले. इथवर मी मान ताठ करून वाचत होते. मग कळलं, की १९०४ साली दादाजी वारल्यावर या बाईंनी विधवेची वस्त्रं घेतली. मला राग आला. ज्याच्या घराची पायरी चढायला नको म्हणून साऱ्या हिंदुस्थानाची निंदा झेलली, त्याच्यासाठी पांढरं नेसायचं? आक्काला तावातावानं सांगितलं. तिनं विचारलं, "तिनं त्येच्या नावानं नेसलं का सवताच्या?" मला उत्तर आलं नाही, अजूनही येत नाही.

काही वर्षांनी मुंबईहून फोन आला, आक्काचा नवरा गेला. दिवस तिकडच्या घरानंच घातले. पण गाव लगोलग आक्काच्या दारात. तिच्यासाठी पाटीभर भाकऱ्या आल्या, पिठलं आलं. चाळीस वर्षांत न आलेली माणसं भिंतीला टेकून बसली. दोन म्हाताऱ्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या. आक्कानं हात मागं घेतला. "बांगड्या मी माझ्या पैशानं भरल्यात." कोल्हापूरच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि सरकारनं त्याचं परिपत्रक काढलं त्याच महिन्यात. आक्काचा ठराव त्याच्या आधीचा.

मंगळसूत्र मात्र तिनं स्वतःच काढलं आणि माझ्यासमोर डबीत ठेवलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं का घातलंस?" "गळ्यात असलं की रानात कोण वाकडं बघत न्हाई. आता म्हातारीकडं कोण बघतंय." डोळे कोरडे. गाव गेल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो, तेव्हा तिनं मला ते सांगितलं जे मला आधीच कळायला हवं होतं. "मी तवाच रडून घेतलंय. ह्यानं दुसरं घर केलं, त्या साली. दिवसा सासू, म्हणून रातच्याला रडायची, तोंडात पदर कोंबून. कुणी आलं न्हाई. यायाचं तरी कशाला, गावाच्या लेखी काय झालंच नव्हतं. तुजं झालं तवा म्हटलं, ही एकटी नगं."

म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी आलेली भाकरी चाळीस वर्षं उशिरा आली होती. ती जिला मिळायची होती, तिनंच ती भाजून मला आणून दिली. मी हे कुठल्या हिशेबात धरू?

आक्का २०२१च्या जुलैत गेली, त्या मोठ्या पावसात. घाट बंद, वाटा बंद, मुंबईहून कुणाला पोचता आलं नाही. दहन आमच्याच भावकीनं कसंबसं उरकलं. मी खोलीवर आले, ओली साडी बदलली आणि चहा ठेवायला गॅस पेटवणार तेवढ्यात दार वाजलं. वहिनी होती. हातात ताट, ताटावर ताट. "पेटवू नगा," म्हणाली. आक्का माझी लागायची कोण? भावकीतली लांबची चुलती. तिच्यासाठी माझ्या घरात चूल पेटू नये, असं कुठल्याही रूढीत बसत नाही. वहिनीनं ताट ठेवलं, पिठल्यात मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं आणि गेली. खरंच जास्त झालं होतं.

त्यानंतर मी ही प्रथाच धरून बसले. दुकानात येणाऱ्या बायकांपैकी कुणाचा निकाल लागला की तिच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जायचं. काहीजणी गळ्यात पडल्या. एकीच्या आईनं मला दारातनं हाकललं. गेल्या वर्षी एका मुलीचा निकाल लागला. साताऱ्याला नोकरी करणारी, परस्परसंमतीचा अर्ज, सहा महिन्यांची थांबायची मुदतही कोर्टानं माफ केलेली. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली तशी वाट मोकळी केली आहे. मी संध्याकाळी डबा घेऊन तिच्या घरी गेले. ती कानाला फोन लावून फिरत होती, केस नवे कापलेले. मी काय आणलंय आणि कशासाठी, ते तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, रागवू नका, पण माझं कोण गेलंय? मी सहा वर्षांत रोज थोडी थोडी रडलेय, आता स्टॉक संपला. आम्ही मैत्रिणी उद्या कासला चाललोय. तेवढं आधारकार्डावरचं नाव कधी बदलून मिळंल, ते सांगा."

मी तारीख सांगितली, लागणारे कागद सांगितले आणि डबा तसाच घेऊन परत आले. वाटेत जरा लागलं मनाला. परसात वहिनी शेळीला पाला घालत होती. डबा जड बघून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती उठली, हात झटकले, माझ्या हातातनं डबा घेऊन उघडून बघितला.

"सगळ्यांनाच पिठलं आवडतंय असं न्हाई, वन्सं," म्हणाली. "आणा हिकडं, पोरं जेवायची हायती."